कोळशाच्या मोटारीपासून मक्याच्या पेट्रोलपर्यंत

परवा गटाच्या बैठकीत मक्याच्या भावावर बोलणं सुरू झालं आणि पार पेट्रोल पंपापर्यंत गेलं. पंपावर ‘ई २०’ लिहिलेलं असतं, म्हणजे शंभर भागांत वीस भाग इथेनॉल. बऱ्याच जणींना ही कालपरवाची गोष्ट वाटते. म्हणून आज आपण थोडं मागे जाऊ.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, आपल्याकडे पेट्रोलचं रेशन सुरू झालं. पुढच्या वर्षी ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिथलं तेलही गेलं. तेव्हा कितीतरी मोटारी लाकडी कोळशावर चालल्या. गाडीला लोखंडी भट्टी बसवायची, तिच्यात कोळसा कमी हवेत पेटवायचा आणि निघालेला गॅस गाळून इंजिनात सोडायचा. सकाळी गाडी सुरू करायची तर आधी पंखा फिरवून भट्टी फुलवावी लागे. आपल्या चुलीसारखंच, फक्त फुंकणीऐवजी पंखा! जोर पेट्रोलपेक्षा बराच कमी, त्यामुळे मोठा चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं. युद्ध संपलं, पेट्रोल आलं, भट्ट्या भंगारात गेल्या. जुनी माणसं हे हसत सांगतात. पण तो कोळसा झाडं तोडूनच यायचा, आणि सरपणासाठी किती चालावं लागतं हे सातपुड्याच्या पायथ्याच्या बायांना वेगळं सांगायला नको.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा कायदाही जुनाच. १९४८ साली नगर–पुणे रस्त्यावर पहिली एसटी धावली, त्याच वर्षीचा. स्वस्त खनिज तेलापुढे तो फारसा चालला नाही आणि २००० साली रद्द झाला. गंमत बघा, लगेच २००१ मध्ये इथेनॉल मिसळण्याचे सरकारी प्रयोग सुरू झाले. त्यातले दोन आपल्याच राज्यात, मिरजेला आणि आपल्या जवळच्या मनमाडला.

मधे मोगली एरंडाची लाट येऊन गेली. त्याच्या बियांचं डिझेल होईल, पडीक जमिनीतही तो वाढेल, असं सांगत होते. २००९ च्या धोरणात तर २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं होतं. जनावर तोंड लावत नाही म्हणून आपण त्याचं कुंपण करतो, तेवढं तो छान करतो. पण पाणी न देता बी भरपूर देईल, हे शेतकरणीला विचारलं असतं तर तिनेच नाही म्हटलं असतं.

विजेच्या गाड्यांचा विषय मोठा आहे. १ जून २०२२ ला एसटीची विजेवरची बसही पुणे–नगर रस्त्यावरच निघाली. त्यावर पुढे कधीतरी बोलू.

आता मका. सुरुवातीला इथेनॉल उसावरच होतं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधनं आणली आणि मक्याला जोर आला. एक क्विंटल मक्यापासून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं. २०२४-२५ मध्ये तेल कंपन्यांचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे होता, मक्याचा हमीभाव क्विंटलला २,२२५ रुपये. गिऱ्हाईक वाढलं हे मका पिकवणाऱ्या घराला चांगलंच, आणि बाहेरून तेवढं तेल कमी आणावं लागतं. पण कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मकाच असतो. इथेनॉल काढून उरलेला चोथा खाद्यात जातो खरा, त्याने दाण्याची जागा पूर्ण भरत नाही. शिवाय लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ताकद, म्हणून गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं घटतं.

आमच्या गटांत मका विकणाऱ्याही आहेत आणि कोंबड्यांसाठी कर्ज घेतलेल्याही. कधी कधी एकाच घरात दोन्ही. पुढच्या बैठकीला मका विकल्याची पावती आणि खाद्याच्या पोत्याचं बिल, दोन्ही घेऊन या. गेल्या दोन वर्षांची मिळाली तर उत्तम. एकाच वहीत शेजारी शेजारी लिहून काढू.