सम्राटाचे स्वप्न आणि रेशमाचे ३० तागे
(चीनमधील धम्माच्या आगमनाची दंतकथा व इतिहास)

बौद्ध भारताचा इतिहास लिहिताना आपल्याला चिनी लेखणीचे ऋण मानावेच लागते. एकोणिसाव्या शतकात जनरल कनिंगहॅम यांनी फाहियान व ह्यूएन त्संग यांची प्रवासवर्णने हाताशी धरून श्रावस्ती, कुशीनगर ही स्थळे शोधून काढली. ह्यूएन त्संग तर सातव्या शतकात महाराष्ट्रातही येऊन गेला. यामुळे आपल्याकडे असा एक समज झाला आहे, की चिनी ग्रंथात लिहिले आहे ना, मग ते खरेच! परंतु चिनी ग्रंथातही इतिहास आहे आणि दंतकथाही आहे. दोन्ही एकाच शाईने लिहिल्यामुळे वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात, एवढेच.

चीनमध्ये धम्म कसा गेला, असा प्रश्न निघाला की व्याख्यानांतून, स्मरणिकांतून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. हान घराण्याचा सम्राट मिंग (राज्यकाल इ.स. ५७ ते ७५) याला स्वप्न पडले. सोन्यासारखा तेजस्वी पुरुष राजवाड्यासमोर उडत येताना त्याने पाहिला. सकाळी दरबारात विचारणा झाली, तेव्हा फू यी नावाच्या पंडिताने सांगितले, की पश्चिमेकडे बुद्ध म्हणून एक आहेत, ते हेच. सम्राटाने लगेच दूत पाठवले. ते काश्यप मातंग व धर्मरत्न या दोन भारतीय भिक्खूंना घेऊन, पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून परत आले. इ.स. ६८ मध्ये लोयांग या राजधानीजवळ त्यांच्यासाठी श्वेताश्व विहार बांधला आणि ‘बेचाळीस परिच्छेदांचे सूत्र’ चिनी भाषेत उतरले.

गोष्ट सुंदर आहे. आता जरा तपासून पाहू.

या कथेच्या सर्वांत जुन्या पाठात पांढरा घोडाच नाही! काश्यप मातंगांचे नावही नाही. ही नावे पुढच्या शतकांतल्या पाठांत एकेक करून आली. बरे, जुन्या पाठात दूतांचा प्रमुख कोण? तर चांग छ्येन. हा चीनचा फार मोठा प्रवासी खरा, पण तो इ.स.पू. ११३ च्या सुमारास वारला होता. म्हणजे मेलेल्या माणसाला पावणेदोनशे वर्षांनी सम्राटाने प्रवासाला धाडले! पुढच्या लेखकांच्या हे ध्यानात आले असावे, कारण नंतरच्या पाठांत चांग छ्येनचे नाव गळते आणि तिथे त्साय यिन नावाचा दुसरा अधिकारी येऊन बसतो. दूत कोणत्या साली निघाले, यावरही ग्रंथांचे एकमत नाही. विहाराच्या नावाचेही तेच. सहाव्या शतकातील ‘थोर भिक्खूंची चरित्रे’ या ग्रंथात त्याची निराळीच कथा आहे. एक परदेशी राजा विहार पाडत सुटला होता. रात्री एक पांढरा घोडा स्तूपाभोवती फिरून आक्रोश करू लागला, तेव्हा राजाने हात आवरला, म्हणून हे नाव! फ्रेंच विद्वान मास्पेरो यांनी १९१० मध्ये हे सगळे पाठ शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि ही कथा इतिहास म्हणून उभी राहत नाही, हे दाखवून दिले.

मग खरे काय? खरा पुरावा त्याच सम्राटाच्या कारकिर्दीतला आहे आणि माझ्या मते तो स्वप्नापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. इ.स. ६५ मध्ये सम्राट मिंगने असा हुकूम काढला, की देहदंडाला पात्र असणाऱ्यांनी रेशीम भरून सुटका करून घ्यावी. त्याचा सावत्र भाऊ यिंग हा चू प्रांताचा राजपुत्र होता. राहणार पंगछंगला, म्हणजे आजच्या शूचौ शहरी. लोयांगपासून चारशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला. मनात काय भीती होती कोण जाणे, त्याने रेशमाचे ३० तागे पाठवून दिले. सम्राटाने ते परत केले. सोबतच्या फर्मानात म्हटले, की राजपुत्र लाओत्सेच्या पंथाची वचने म्हणतो, बुद्धाची उपासना करतो, तीन महिने उपोसथासारखे व्रत पाळतो. त्याच्यावर संशय कशाला? हे रेशीम उपासक व श्रमणांच्या भोजनदानासाठी खर्च करावे.

हे फर्मान ‘उत्तर हान इतिहास’ या ग्रंथात आहे. तो ग्रंथ फान ये याने पाचव्या शतकात लिहिला. मग त्यावर तरी विश्वास का ठेवायचा? एक कारण असे, की त्यात बुद्धाची थोरवी गायलेली नाही. विषय दंडाचा आणि रेशमाचा आहे, धम्माचा उल्लेख ओघात आला आहे. दुसरे कारण अधिक पक्के. ‘उपासक’ आणि ‘श्रमण’ हे आपले शब्द त्यात ज्या चिनी अक्षरांनी लिहिले आहेत, ती जुनी पद्धत आहे. पुढे बौद्ध ग्रंथांत या शब्दांसाठी दुसरी अक्षरे रूढ झाली. नंतर कोणी बनावट केली असती, तर त्याने आपल्या काळचीच अक्षरे वापरली असती.

म्हणजे विहार बांधल्याचे जे साल सांगतात, त्याच्या तीन वर्षे आधीच, राजधानीपासून इतक्या दूर, उपासक आणि भिक्खू होते. सम्राटालाही ते शब्द ठाऊक होते. धम्म व्यापारी वाटांनी, युएची, पार्थियन अशा परक्या माणसांबरोबर हळूहळू आला होता. राजाच्या स्वप्नाची त्याने वाट पाहिली नाही. पुढे १४८ मध्ये लोयांगला आलेला आन शिगाओ पार्थियन होता आणि १७९ च्या सुमारास प्रज्ञापारमितेचे भाषांतर करणारा लोकक्षेम युएची होता.

दंतकथा इथेच थांबत नाहीत. ५९७ मधील एका बौद्ध ग्रंथात तर १८ भिक्खू थेट सम्राट शी-ह्वांग-ती याच्या काळी, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकात चीनला पोहोचवले आहेत! तुरुंगात पडलेल्या या भिक्खूंना म्हणे सोनेरी महापुरुषाने सोडवले. चांग छ्येनने परत येताना बुद्धाची वार्ता आणली, असेही पुढे लिहिले गेले. पण वर सांगितलेल्या फान ये यानेच नोंदवून ठेवले आहे, की चांग छ्येनने भारताबद्दल फक्त हवा उष्ण व दमट आणि लोक हत्तीवर बसून लढतात एवढेच कळवले. पंधराशे वर्षांपूर्वीच्या या इतिहासकाराची ही चिकित्सक दृष्टी मला फार आवडते.

या कथा रचल्या कोणी, आणि कशासाठी? इथे आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा येतो. इ.स. १६६ मध्ये श्यांग काय नावाच्या पंडिताने सम्राटाला लिहिलेल्या अर्जात म्हटले आहे, की लाओत्से पश्चिमेकडे जाऊन बुद्ध झाला असे काही जण म्हणतात. सन ३०० च्या सुमारास तर या विषयावर एक ग्रंथच तयार झाला. म्हणजे बुद्ध हा आमच्याच लाओत्सेचा अवतार! वाचकहो, हे कुठेतरी ऐकल्यासारखे वाटते ना? बुद्धाला विष्णूचा नववा अवतार ठरवणे हा याच जातीचा उद्योग, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा नेमकी त्याच्याविरुद्ध आहे.

पण चिनी बौद्धांनी याला उत्तर कसे दिले ते बघा. त्यांनी बुद्धाचा जन्म मागे ढकलत ढकलत इ.स.पू. अकराव्या शतकात नेला, म्हणजे लाओत्से आपोआप नंतरचा ठरला. लाओत्से व कन्फ्युशियस हे बुद्धानेच चीनला पाठवलेले शिष्य होत, असेही एक सूत्र रचले. खोट्याला खोट्याने उत्तर! वाद शतकानुशतके चालला. १२५८ मध्ये कुब्लाई खानासमोर जाहीर वादविवाद झाला, त्यात लाओत्सेचे अनुयायी हरले, आणि १२८१ मध्ये एक ‘ताओ-ते-चिंग’ सोडून त्यांचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. बौद्ध म्हणून हे लिहिताना बरे वाटत नाही, पण लिहिले पाहिजे.

आपल्याकडे याउलट वाट बाबासाहेबांनी दाखवली. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा बौद्ध परंपरेनेच जपलेली. तरीही १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत त्यांनी तीच पहिल्यांदा तपासायला घेतली. २९ वर्षांच्या माणसाने तोपर्यंत या गोष्टी पाहिल्याच नव्हत्या, हे पटणारे नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले.

राजपुत्र यिंगचे पुढे काय झाले? इ.स. ७० मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा आळ आला, हद्दपारी झाली आणि पुढच्या वर्षी त्याने आत्महत्या केली. पण त्या भागातला धम्म टिकला. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तिथेच च्वा रुंग नावाच्या अधिकाऱ्याने तीन हजारांवर माणसे मावतील असे बुद्धमंदिर बांधले, सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती बसवली आणि वाटसरूंना अन्नदान केले. तो सरकारी धान्य लुबाडणारा आणि खुनी माणूस होता, हेही त्याच इतिहासात नोंदलेले आहे.

लोयांगचा श्वेताश्व विहार आजही आहे. आवारात काश्यप मातंग व धर्मरत्न यांच्या म्हणून दोन समाध्या दाखवतात. शेजारीच भारत सरकारने सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर मंदिर बांधले असून, मे २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तिकडे जाण्याचा योग आला तर जरूर दर्शन घ्यावे. आणि जमल्यास पूर्वेला शूचौपर्यंतही जाऊन यावे, कारण रेशमाच्या त्या ३० ताग्यांतून भोजनदान झालेले उपासक तिथले होते.