सापडला का फरक?

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला घरात तज्ज्ञ म्हणून मान मिळण्याचे प्रसंग फार थोडे. मुदत ठेवीचा व्याजदर सांगणे आणि फाटकी नोट बदलून आणणे, एवढ्या दोनच खात्यांत माझा शब्द चालतो. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीव जेव्हा "बाबा, कंट्रोलर बिघडलाय, जरा बघता का?" म्हणत आले, तेव्हा मी पेपर बाजूला ठेवला आणि चष्मा पुसला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, नुसतं बघा हं. मागे इस्त्री दुरुस्त केली होतीत, ती अजून माळ्यावर आहे."

ज्यांच्या घरात ही वस्तू अजून शिरलेली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. कंट्रोलर म्हणजे दोन्ही हातांत धरायचे, पसरट शिंगाड्यासारखे दिसणारे एक प्लॅस्टिकचे यंत्र. त्याच्यावर दहा-बारा बटणे आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या. ते वायरीने कॉम्प्युटरला जोडायचे आणि पडद्यावरची मोटार हाकायची. आमच्या घरात ती हाकणारे दोघे आहेत. एक चिरंजीव, वय तेरा. दुसरे माझे वडील अण्णा, वय एकोणऐंशी, निवृत्त हेड कॅशियर.

अण्णा आणि कॉम्प्युटर यांचे संबंध पूर्वी इतके गोडीचे नव्हते. बँकांत यंत्रे आणण्याचा १९८३ चा करार झाला, तेव्हा अण्णा छातीवर निषेधाचा बिल्ला लावून गेटवर उभे होते. १९९३ च्या करारानंतर यंत्र त्यांच्या शाखेत आलेच, तर त्याने केलेली प्रत्येक बेरीज ते पेन्सिलीने पुन्हा करून पाहत. एकदा तीस पैशांच्या फरकासाठी त्यांनी अख्खी शाखा रात्री साडेदहापर्यंत बसवून ठेवली होती. एकाने वैतागून स्वतःच्या खिशातले तीस पैसे पुढे केले, तर अण्णा म्हणाले, "पैसे नकोत. फरक हवा." असा माणूस आता नातवाशेजारी बसून मोटारींच्या शर्यती खेळतो, आणि हरला की "तुझ्या यंत्राची बेरीज चुकते" म्हणतो.

तक्रार अशी होती, की मोटार सरळ रस्त्यावर सरळ जात नव्हती. धुळवडीच्या संध्याकाळी काही मंडळी घरी परततात, तशी डावी-उजवीकडे जात होती.

फरक शोधण्याची बँकेतली रीत एकच. आजच्या व्हाउचरांत सापडला नाही तर कालची काढायची, तिथेही नसला तर थेट आरंभीच्या शिलकेपर्यंत मागे जायचे. मी बी.कॉम. आहे. वायरीतले मला कळत नाही, पण मागे जाणे कळते. म्हणून मी १९५८ सालापर्यंत मागे गेलो.

त्या साली अमेरिकेत, लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम नावाचे पदार्थवैज्ञानिक काम करीत होते. गृहस्थ युद्धकाळात अणुबाँबच्या कामावर होते आणि युद्धानंतर अण्वस्त्रे आवरा म्हणून सांगणाऱ्यांत पुढे होते. प्रयोगशाळा पाहायला वर्षाकाठी बाहेरची माणसे येत आणि तक्ते वाचून जांभया देत. त्यांच्या करमणुकीसाठी हिगिनबोथमनी पाच इंची ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. प्रत्येक खेळाडूच्या हातात एक लहानशी पेटी दिली. तिच्यावर चेंडूचा कोन ठरवायला एक फिरवायचे बटण आणि फटका मारायला एक दाबायचे. लोकांनी रांगा लावल्या. आमच्या चिरंजीवांच्या कंट्रोलरचे हे खापरपणजोबा. हिगिनबोथमनी त्याचे पेटंटसुद्धा घेतले नाही. कॉमर्सच्या माणसाला अशा ठिकाणी हळहळ वाटते.

त्यानंतर १९६२ साल. एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी पीडीपी-१ नावाच्या कपाटाएवढ्या कॉम्प्युटरवर दोन अंतराळयानांच्या लढाईचा खेळ केला. याने हाकायची ती यंत्राच्या तोंडावरचे स्विच खालीवर करून. स्विच पडद्याच्या एका बाजूला, त्यामुळे एकाला पडदा नीट दिसे आणि दुसऱ्याला तिरका. शिवाय खेळून खेळून कोपरे दुखू लागली. अखेर ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी कॉलेजातल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबमधून सुटे भाग आणले आणि हातात धरायच्या पेट्या बनवल्या. गणिती डोकी ती, पण शोध लागला तो कोपरदुखीतून!

माझा सर्वांत आवडता प्रसंग मात्र १९७२ चा. अटारी कंपनीच्या ॲलन ॲल्कॉर्नने 'पाँग' नावाचे टेनिसचे यंत्र बनवून कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी एका दारूच्या गुत्त्यात ठेवले. नाणे टाकायचे, बटण फिरवायचे, खेळायचे. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. ॲल्कॉर्न हत्यारे घेऊन गेला, यंत्र उघडले, तर आत नाण्यांचा डबा तुडुंब भरून वाहत होता. नवे नाणे आत जायला जागा नव्हती! जमा फार झाल्यामुळे व्यवहार बंद पडल्याचे उदाहरण माझ्या नोकरीत मी अजून पाहिलेले नाही.

पुढे जॉयस्टिक आली. हा शब्द मुळात वैमानिकांचा, पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा. विमान वळवायच्या दांडीला ते जॉयस्टिक म्हणत. अटारीने १९७७ साली एक दांडी आणि एक लाल बटण घरोघरी पोचवले. त्या दांडीचा व्यवहार रोखीचा. डावीकडे म्हणजे डावीकडे, नाही तर नाही. उधारी नाही.

खरी भानगड सुरू झाली १९८१ साली. आयबीएमने आपल्या पीसीबरोबर जॉयस्टिक जोडायचे एक कार्ड विकायला काढले. या दांडीला थोडे डावीकडे, जरा जास्त डावीकडे, पार डावीकडे, हे सगळे सांगता येई, कारण तिच्या पोटात रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखे दोन रोध होते. पण कॉम्प्युटरला हे कळायचे कसे? त्यासाठी केलेली युक्ती आमच्या सोसायटीत कोणालाही समजेल. नळ किती उघडा आहे हे बघायचे नसेल, तर बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजावे. कार्डावर कपॅसिटर नावाची विजेची बादली होती. दांडी जशी झुके तसा नळ कमीजास्त उघडे आणि बादली भरेपर्यंत कॉम्प्युटर एक, दोन, तीन असे मोजत बसे.

आता यात गोम अशी, की वेगवान कॉम्प्युटर भरभर मोजतो. त्यामुळे तीच दांडी, तीच बादली, पण जुन्या यंत्रावर आकडा एक आणि नव्यावर भलताच. म्हणून खेळाआधी फर्मान सुटे: दांडी वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा. खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा. आता सोडून द्या, बटण दाबा. याला कॅलिब्रेशन म्हणत. म्हणजे यंत्र तुम्हाला विचारी, बाबा रे, तुझा मध्य कुठे आहे? तो एकदा चुकीचा नोंदला गेला, की पुढचा सगळा हिशेब तिरका.

हा गोंधळ पुष्कळसा संपवला तो १९९६ साली आलेल्या यूएसबीने. ती घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींत पुढे होते अजय भट्ट, आमच्या गायकवाडांच्या बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. यूएसबीवर जोडलेली वस्तू आत शिरताच स्वतःची ओळख सांगते: मी अमुक, मला इतकी बटणे, माझ्या दांड्या इतक्या. आणि मोजणीही दांडीच्या घरीच होते, कॉम्प्युटरला आयता आकडा मिळतो. बाकी ती पिन पहिल्या खेपेला सरळ जात नाही, उलटी करून जात नाही, आणि पुन्हा पहिल्यासारखी धरली की जाते, हे आपण सर्वांनी अनुभवलेलेच आहे.

२००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला आणि विंडोजवर दोन पंथ झाले. जुने खेळ डायरेक्टइनपुटची भाषा समजतात, नवे बहुतेक एक्सइनपुटची. काही कंट्रोलरांच्या पाठीवर म्हणूनच डी आणि एक्स असा चिमुकला स्विच असतो. तो चुकीच्या बाजूला असला तर खेळ कंट्रोलरला ओळखच दाखवत नाही. आमचा स्विच योग्य पंथात होता. म्हणजे फरक आणखी पुढे होता.

चिरंजीवांनी तोवर स्वतःचे निदान केले होते. "बाबा, ड्रिफ्ट असणार." दांडीतला कार्बनचा पट्टा घासून झिजला, की बोट न लावताही ती कललेली असल्याचा आकडा पाठवते. जुन्या रेडिओचे बटण खरखर करी, त्यातलाच प्रकार. मी विंडोजच्या रन खिडकीत 'जॉय डॉट सीपीएल' अशी अक्षरे टाइप केली. कंट्रोलरांची यादी आली, त्यातून चाचणीचे पान उघडले. त्यावर एक चौकोन असतो आणि दांडी हलेल तशी एक बारीक फुली त्यात हलते.

कंट्रोलर टेबलावर ठेवला. फुली मधोमध, गप्प. चिरंजीवांनी दांडी फिरवून सोडली. फुली परत मधोमध. मी फिरवली. तेच. "ठीक तर आहे!" मी म्हणालो आणि कंट्रोलर शेजारी बसलेल्या अण्णांच्या हातात दिला. "अण्णा, नुसता अंगठा ठेवा."

त्यांनी अंगठा ठेवला. फुली थरथरू लागली.

कोणी काही बोलले नाही. अण्णांच्या हाताचे आम्हाला ठाऊक होते. डॉक्टरांनी त्या कंपाचे नावही सांगितले आहे, पण घरात ते कोणी उच्चारत नाही. आमटीची वाटी ही निम्मीच भरते. गेल्या वर्षी त्यांचा एक चेक सही जुळत नाही म्हणून परत आला, तेव्हा अण्णा तो मेमो बराच वेळ हातात धरून बसले होते. असे मेमो मी स्वतः टेबलावर कितीतरी लिहिले आहेत. ते घरी पोचल्यावर कसे वाचले जातात, ते त्या दिवशी प्रथम पाहिले.

अण्णांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिले आणि आपल्या जुन्या कॅश काउंटरच्या आवाजात विचारले, "सापडला का फरक?"

वीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. त्या दिवशी केली. म्हटले, "दांडीतच आहे, अण्णा. झिजलीय."

"बाबा, मग डेड झोन वाढवू या," चिरंजीव शांतपणे म्हणाले. मुलगा कधी मोठा झाला, कोण जाणे!

डेड झोन म्हणजे मध्याभोवतीचा माफीचा प्रदेश. त्याच्या आतल्या हालचाली खेळाने पाहायच्याच नाहीत. या एक्सपंथी कंट्रोलरची दांडी एका बाजूला ३२,७६७ पर्यंत आकडे देते आणि मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमरांना डाव्या दांडीसाठी सुचवलेला डेड झोन आहे ७,८४९. म्हणजे सुमारे चोवीस टक्के माफी. आमच्याकडे एवढी सूट फक्त फार मोठ्या कर्जदारांना मिळते! यंत्राच्या जगात मात्र सगळ्यांचेच हात थोडेफार हलतात हे आधीच धरून चालतात. मी विंडोजमध्ये पुन्हा कॅलिब्रेशन करायला निघालो होतो, पण एक्सइनपुटचे खेळ ती नोंद मानत नाहीत. वरच्या ऑफिसचे परिपत्रक शाखेने दप्तरी दाखल करावे, तसे. म्हणून चिरंजीवांनी खेळाच्याच सेटिंगमध्ये डेड झोन वाढवला आणि दांडीचा तिखटपणा थोडा उतरवला.

मोटार निघाली. सरळ रस्त्यावर सरळ गेली. वळणावर जरा कठड्याला घासली, पण तशी ती माझ्या हातीही घासते. अण्णा तिसरे आले. नातू कसा कोण जाणे, चौथा आला.

"यंत्राची बेरीज आता बरोबर येते," अण्णा म्हणाले. थोडा वेळ थांबले आणि पडद्याकडे बघतच पुढे बोलले, "बाकी तुला खोटं नीट बोलता येत नाही. कॅशला बसवला नाही ते बरं केलं."

सुट्टी संपवून मी कामावर गेलो. दुसऱ्याच दिवशी एक पेन्शनर आजोबा पैसे काढायची स्लिप घेऊन आले. सही नमुन्याशी जुळत नव्हती. एरवी मी खिडकीतून सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तसे सांगितले असते. मी त्यांना आत बोलावले, खुर्ची दिली, पासबुक आणि आधार कार्ड पाहिले, दुसरी स्लिप पुढे केली आणि म्हटले, "आजोबा, निवांत करा. घाई नाही."

त्यांनी पुन्हा सही केली. मीही पुन्हा नीट पाहिली. जुळली.

इस्त्री मात्र अजून माळ्यावर आहे.