तगरचे झाले तेर

जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैन लेणी आहेत. गावाचे मूळ नाव ‘जैनपूर’, असे जिंतूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांना नावाची अशी कुळकथा असते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या कुळकथेला मात्र भक्कम साक्षीदार मिळाले.

पहिला साक्षीदार परदेशी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ असल्याची नोंद आहे. तगरचे जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, खडतर वाटांनी भरूचच्या बंदरात जाई.

दुसरी साक्ष ताम्रपटांची. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. राज्य दुसरीकडे असूनही कुळाचा अभिमान तगरचा!

पण हे तगर कोणते? कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. 1901 साली पुराभिलेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरणा नदीकाठचे तेर, असे मांडले.

उच्चारही त्याच बाजूने बोलतो. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो: ‘नगर’चे ‘नयर’ आणि पुढे ‘नेर’ झाले. संगमनेर, अमळनेर ही नावे आपल्या तोंडी आहेतच. त्याच वाटेने ‘तगर’चे ‘तयर’ आणि ‘तेर’. याउलट, सिरियाच्या वाळवंटात झऱ्याकाठी वसलेल्या पाल्मायरा या व्यापारी नगराचे ‘तदमुर’ हे जुने नाव जवळपास चार हजार वर्षे टिकले. आपल्याकडे नाव झिजले, तरी ओळख पटण्याइतके उरले.

शेवटची साक्ष मातीची. तेरला सातवाहनकाळाचे अवशेष मिळाले. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत 1938 साली सापडलेल्या भारतीय मूर्तीशी नाते सांगते, आणि पॉम्पेई तर इसवी सन 79 मध्येच राखेखाली गाडले गेले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हा ठेवा पाहायला मिळतो.

जिंतूरच्या नावालाही अशा साक्षींची गरज आहे. ‘जैनपूर’मधून ‘त’ कसा उगवला, हे उच्चाराच्या नियमांनी सुटत नाही. ते लेखी पुराव्यानेच सुटेल. म्हणून जिंतूर परिसरात कुणाच्या घरी जुनी सनद, दानपत्र वा पोथी असेल, तर ती रद्दीत टाकू नका. आधी जाणकाराकडून वाचून घ्या.