गाइडने आधी नाव विचारलं

नांदुऱ्याहून बुऱ्हाणपूरला जायच्या दोन वाटा. रेल्वेने जायचं तर भुसावळला उतरून खंडव्याकडची गाडी धरायची, रस्त्याने जायचं तर जळगाव जामोदवरून सातपुडा ओलांडायचा. लहानपणी आमच्या घरात हे नाव दोनच कारणांनी निघायचं : मावा जलेबी आणि सोयरिकी. ते शहर एकेकाळी मोगलांच्या दख्खनचं मुख्य ठाणं होतं, दिल्ली-आग्र्याहून दक्षिणेत उतरणारी प्रत्येक फौज, प्रत्येक व्यापारी आणि प्रत्येक सुफी तिथून पुढे जायचा, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावरही जायला आणखी पंधरा वर्षं लागली. जवळचं गाव असंच राहून जातं.

यंदाच्या हिवाळ्यात एकटाच गेलो. ओळखीतून एक स्थानिक गाइड ठरवला. गाडी नको, पायी फिरायचं, सकाळपासून जोहरपर्यंत, फक्त मी आणि तो. पैसे आधीच ठरले. शनवारा दरवाज्यापाशी तो भेटला, सलाम न करता नमस्कारही न करता हसला आणि म्हणाला, “सर, आपका शुभ नाम?” मी नाव सांगितलं. मग त्याने सलाम केला. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

शनवारा, इतवारा. दरवाज्यांची ही नावं ऐकूनच मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, २००३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे, पण बाजारात कानावर हिंदी, उर्दू आणि मराठी तिन्ही पडतात, कधी कधी एकाच वाक्यात.

शहराच्या जन्माची गोष्ट गाइडने छान सांगितली. खानदेशच्या फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा. त्याची राजधानी तापीकाठचं थाळनेर. त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला आणि १४०० च्या सुमारास तापीच्या एका काठावर बुऱ्हाणपूर वसवलं, समोरच्या काठावर जैनाबाद. पहिलं नाव हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं, दुसरं त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी यांचं. दोघांच्याही कबरी खुलदाबादला आहेत. म्हणजे आमच्याकडून उरुसाला खुलदाबादला जाणारे लोक ज्या बुजुर्गाच्या दर्ग्यावर चादर चढवतात, त्यांच्याच नावाचं शहर सातपुड्यापलीकडे आहे, आणि जाणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते माहीत नसतं. मलाही नव्हतं.

शाही किल्ल्यात आलो तेव्हा गाइडचा आवाज बदलला. हा मुमताज महलचा इलाका. हम्मामच्या छतावरची उडत चाललेली रंगीत नक्षी त्याने टॉर्च मारून दाखवली. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज इथे वारली, पलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला सहा महिने दफन केलं होतं, डिसेंबरात शव आग्र्याला नेलं. “वरना सर, ताजमहल यहाँ बनता,” तो म्हणाला. हे वाक्य तो रोज म्हणत असणार. त्याचं म्हणणं मी ऐकून घेतलं. पण त्या वर्षी त्या शहरात आणखी काय चाललं होतं, हे त्याच्या गोष्टीत कुठेच नव्हतं.

शहाजहान १६३० च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरला आला तो खानजहान लोदीचं बंड मोडायला. त्याच वर्षी पाऊस गेला. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळीकडे दुष्काळ. मराठी वाचकाला हा दुष्काळ अनोळखी नाही. देहूत तुकोबांच्या पहिल्या पत्नी अन्नावाचून गेल्या तो हाच. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेही हेच वर्ष. पीटर मंडी नावाचा इंग्रज १६३० च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे निघाला होता. वाटेत पडलेली प्रेतं त्याने नोंदवून ठेवली आहेत. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानेही हा काळ लपवला नाही. बादशहाने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांत वाटायचा हुकूम केला, असं तो लिहितो. सोमवार का, तर तो तख्तनशिनीचा वार.

दर सोमवारी पाच हजार. ज्या महालात आपण टॉर्चने नक्षी बघतो, त्याच्या भिंतीबाहेर त्या वेळी लंगरच्या रांगा असणार. मुमताजचं दुःख खोटं नव्हतं. पण बुऱ्हाणपुरात त्या दोन वर्षांत मेलेल्या हजारो बायांपैकी एकीचंच नाव गाइडच्या तोंडी आहे, आणि आपल्यालाही तीच गोष्ट हवी असते. मी हे त्याला म्हटलं तर तो म्हणाला, “अकाल की बात कौन सुनेगा सर, लोग छुट्टी मनाने आते हैं.” त्याचं चूक नव्हतं.

किल्ल्याच्या पायऱ्यांवर पाच-सहा तरुण भेटले. महाराष्ट्रातूनच आलेले, मराठी बोलणारे. त्यांनी गाइडला ओळखलं, आदल्या दिवशी त्यानेच त्यांना फिरवलं होतं. एकाने विचारलं, “काका, ते सोनं निघालं ती जागा कुठली?” फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ सिनेमा आला, त्याची सुरुवातच बुऱ्हाणपूरच्या लुटीने होते. पुढच्याच महिन्यात असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च घेऊन मोगलांचं सोनं शोधत खणत होते. बातम्या सगळ्यांनी पाहिल्या असतील. गाइडने त्या पोरांना दोन मिनिटांत बहादूरपुऱ्याची गोष्ट पुन्हा सांगितली, हात उडवत, घोडे दौडवत. पोरं खूश झाली. ती निघून गेल्यावर मी म्हटलं, “भाई, मला तर तुम्ही बहादूरपुऱ्याचं नावही नाही सांगितलं.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, नाम सुनके समझ जाता हूँ किसको क्या सुनाना है. आपको बुरा लगता.”

मला राग आला. आधी त्याचा आला, नंतर माझा. कारण शाळेत संभाजी महाराजांची कारकीर्द शिकवताना बुऱ्हाणपूरचा विषय निघाला की मीसुद्धा वेग वाढवतो. वर्गात दोन्हीकडची मुलं असतात. कुणाच्या चेहऱ्यावर काय उमटेल या धास्तीने मी एका वाक्यात लूट उरकतो आणि थेट औरंगजेब दख्खनेत उतरला तिथे पोचतो. गाइड नाव विचारून गोष्ट बदलतो, मी हजेरीपट बघून. म्हणून तिथेच पायरीवर बसलो आणि त्याला म्हटलं, आता तुमची नको, पूर्ण गोष्ट बोलू.

जानेवारी १६८१ अखेरीस मराठ्यांची फौज अचानक बुऱ्हाणपुरावर आली. तटाच्या आतलं शहर हाती लागलं नाही, पण तटाबाहेरचे पुरे, विशेषतः श्रीमंत बहादूरपुरा, तीन दिवस लुटले गेले. हे मोगल इतिहासकार खाफी खान सांगतो. त्यामागची कारणंही लपलेली नाहीत. बुऱ्हाणपूर हा मोगल फौजेचा खजिना आणि कोठार होतं. दख्खनेवर येणारी प्रत्येक मोहीम इथून पोसली जायची, आणि त्या मोहिमा मराठी मुलखात काय करून जात होत्या हेही आपण वाचतो. १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा बसवला होता. शत्रूची रसद तोडणं हे त्या काळच्या युद्धाचं साधं गणित होतं, सुरतेचं तेच गणित होतं. यात एका मुस्लिम वाचकाने अंग चोरून घेण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. औरंगजेबाच्या खजिन्याचा मी वारस नाही.

पण बहादूरपुऱ्यात राहत कोण होतं? सराफ, व्यापारी, कापडवाले. बुऱ्हाणपूरचं कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात होतं, फ्रेंच प्रवासी तावर्निए याने त्याचं वर्णन केलं आहे. लुटीत सावकाराचं दुकान गेलं तसं विणकराचं घरही गेलं असेल, आणि कुणी त्यांची नावं विचारून घरं वेगळी काढली नसतील. लुटीनंतर शहरातल्या उलेमांनी आणि प्रतिष्ठितांनी बादशहाला अर्ज पाठवला, तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग वाटतो. त्याचा मतलब असा की आमची अब्रू आणि मालमत्ता गेली, यापुढे इथे जुम्याची नमाज होणार नाही. जुम्याच्या खुतब्यात बादशहाचं नाव घेतलं जायचं. म्हणजे ज्यांना आज ‘बादशहाचे लोक’ समजलं जातं, तेच त्याला सांगत होते की तू आमचं रक्षण करत नाहीस तर तुझं नावही घेणार नाही. शहजादा अकबर बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला गेला, तेव्हा औरंगजेब स्वतः निघाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरात येऊन पोचला. उत्तरेत परतला नाही.

गाइड म्हणाला, हा अर्ज मला माहीत नव्हता. मग म्हणाला, दोन्ही पार्ट्यांना सांगता येईल असा आहे. व्यवहारी माणूस.

शहरात दोन्हीकडच्या गोष्टी एकमेकींत किती अडकल्या आहेत ते पायी फिरताना कळतं. शिवाजी महाराजांशी १६६५ मध्ये पुरंदरचा तह करणारा मिर्झा राजा जयसिंग १६६७ मध्ये इथेच वारला, त्याची छत्री गावाबाहेर नदीकाठी आहे. आमच्या बाळापूरची छत्री त्यानेच बांधली म्हणतात. दोहेवाला रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना, इथे वर्षानुवर्षं सुभेदार होता. त्याचा मुलगा शाहनवाज खान याचा मकबरा इथे आहे. गुरु गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना इथे थांबले, त्यांचा गुरुद्वारा आहे. बोहरा समाजाची दर्गा-ए-हकीमी आहे. इतकं सगळं अर्ध्या दिवसात होत नाही, आम्हीही केलं नाही. कुंडी भंडारा मात्र दुसऱ्या दिवशी रिक्षाने जाऊन पाहिला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणायची ही १६१५ च्या सुमाराची इराणी पद्धत, वर शंभराहून अधिक कुंड्यांची रांग. त्याला ‘खुनी’ का म्हणतात यावर चार कहाण्या ऐकल्या. त्यातली एकही इथे सांगण्यालायक नाही. पाणी आजही वाहतं, ही गोष्ट पुरेशी आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्याचं नाव गेलं.

शेवटी जामा मशीद. बाजाराच्या मधोमध, दोन उंच मिनार, समोर पंधरा कमानी. गाइड वजूच्या हौदापाशी उभा राहून म्हणाला, “अंदर संस्कृत में भी लिखा है,” आणि चपला घालायला वळला. मी म्हटलं, थांबा, मी याच्यासाठीच आलोय.

ही मशीद फारुकी सुलतान राजा अली खान ऊर्फ आदिल शाह याने बांधली. आत अरबी लेख आहे आणि संस्कृत लेखही आहे, नागरी लिपीत. संस्कृत लेख सृष्टिकर्त्याला नमन करून सुरू होतो. मग मलिक राजापासूनची फारुकी वंशावळ येते. मग पंचांग : विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध एकादशी, सोमवार. म्हणजे जानेवारी १५९०. तिथी, घटका, नक्षत्र सगळं नीट काढलेलं, एखाद्या जोशीबुवांना बसवूनच लिहून घेतलेलं असणार. शेवटी म्हटलंय की मुबारकशहाच्या मुलाने, एदलशहाने, ही मशीद स्वधर्माच्या पालनासाठी बांधली. आदिलचं एदल झालं आहे, आणि मशिदीला शब्द वापरला आहे ‘मसीति’. आमच्या खेड्यातली म्हातारी माणसं अजूनही ‘मशीत’ म्हणतात, तेव्हा सुशिक्षित लोक हसतात.

मला अरबी येत नाही, संस्कृतही येत नाही. पण उर्दू शिकवतो म्हणून एका लेखाची अक्षरं लागतात आणि मराठी शिकवतो म्हणून दुसऱ्याची. मान वर करून, अडखळत, दोन्हीकडची अक्षरं जुळवत उभा होतो तेव्हा नमाजाला आलेले दोघे-तिघे मागे येऊन थांबले. एक आजोबा म्हणाले, साठ वर्षं इथे नमाज पढतोय, हे कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मग मी जेवढं येत होतं तेवढं मोठ्याने वाचलं.

या राजा अली खानाचं आमच्या जिल्ह्याशीही नातं आहे. मशीद बांधून झाल्यावर वर्ष-दीड वर्षात तो बुऱ्हाण निजामशहाच्या बाजूने लढायला बुलढाण्यातल्या रोहिणखेडला आला आणि जमाल खानाचा पराभव झाला. रोहिणखेड आमच्यापासून किती लांब? दुपारी निघून संध्याकाळच्या चहाला परत येता येतं. १५९७ मध्ये सोनपेठजवळ मोगलांच्या बाजूने लढताना तो मारला गेला, आणि चार वर्षांत अकबराने असीरगड घेऊन त्याचं राज्यही संपवलं. त्या विजयाचा फारसी लेख अकबराने याच मशिदीवर कोरून घेतला. हरलेल्याची मशीद, जिंकणाऱ्याची सही.

गाइडने संस्कृत लेखाचे मोबाइलवर आठ-दहा फोटो काढले. पंचांगाचा मजकूर माझ्याकडून त्याच्या वहीत लिहून घेतला, पौष शुद्ध एकादशी हे दोनदा विचारून. ठरलेले पैसे दिले, त्याने मोजून घेतले. पुढच्या पार्टीचा फोन आला होता. चालता चालता तो फोनवर विचारत होता, “जी, आपका शुभ नाम?”

कुणी जाणार असेल तर जुम्याच्या दुपारी मशीद टाळा, गर्दी असते. सकाळी जा, उन्हाचा उजेड आत येतो. लेखांसाठी छोटी दुर्बीण न्या, मोबाइलचा झूम पुरत नाही. आणि जळगाव जामोदच्या रस्त्याने परत येणार असाल तर घाटात अंधार व्हायच्या आत निघा.