मामीचा गॅस आणि जंताची अंडी

खापरला मामाकडे गेलो की एक वाद ठरलेला. (अक्कलकुव्याहून गुजरातकडे निघालं की लागतं ते खापर.) मामाच्या परसात जुना गोबरगॅस आहे, लोखंडी टाकीवाला. मामाचं म्हणणं, जनावरं कमी झाली, शेण पुरत नाही, तर संडासचा पाइप त्यातच सोडू. मामीचं म्हणणं, "त्या गॅसवर मी भाकरी थापणार नाही." बस्स, विषय संपला!

मला आधी मामी मागासलेली वाटायची. एका वीकेंडला वाचायला बसलो आणि कळलं, ती चुकतेय खरी, पण मामाही चुकतोय.

आधी मामीचं. मैल्याचा गॅस ही काही नवी टूम नाही. मुंबईत माटुंग्याला १८९० मध्ये बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू झाला. म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकारातून झालेला, म्हणून पुढे अ‍ॅकवर्थ हॉस्पिटल. तिथल्या मैल्याच्या टाकीतला गॅस १८९७ मध्ये गोळा करून दिवे लावले, पुढे इंजिनही चालवलं. मुंबईत तेव्हा प्लेगने कहर केला होता. ज्यांना गावाने हाकललं त्यांच्या घाणीवर दिवा पेटला, हे मला भारी वाटतं. गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. ज्योतीतून भाकरीवर जंतू येत नाहीत.

घरोघरी गोबरगॅस पोचायला मात्र खूप वेळ लागला. खादी ग्रामोद्योग आयोगाने जशभाई पटेलांचं तरंगत्या टाकीचं मॉडेल १९६० च्या दशकात देशभर नेलं. मामाचं तेच. पण ते शेणाचं.

मैल्याची बाजू मराठी माणसांनी लावून धरली. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी संडास साफ करायचं काम मागितलं, तुरुंगाने नाकारलं (ब्राह्मण ना!), तेव्हा त्यांनी अन्न सोडलं. येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास धरला. बाहेर आल्यावर कणकवलीच्या गोपुरीत अप्पांनी मैल्याचं खत करायचे प्रयोग केले. त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेले डॉ. मापुसकर १९६० च्या सुमारास देहूच्या सरकारी दवाखान्यात आले. गोळी द्यायची, पेशंटने पुन्हा नदीकाठी बसायचं, पुन्हा गोळी.. हे चक्र तोडायला डॉक्टर संडासाकडे वळले आणि तिथून मैल्याच्या गॅसकडे. 'मलप्रभा' नावाचा, निव्वळ मैल्यावर चालणारा प्लांट त्यांनी घडवला आणि संस्थेला अप्पांचं नाव दिलं. २०१५ मध्ये ते गेले, २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. शाळेत तुकोबांच्या देहूवर निबंध लिहिले, यांचं नाव कधी ऐकलं नाही.

आता मामाचं. त्याचा समज असा की टाकीत सगळं सडतं, म्हणजे सगळं मरतं. जमिनीखालच्या हौदात तापमान साधारण २५-३० अंश. त्यात टायफॉइड-कॉलऱ्याचे जंतू बरेच कमी होतात. पण जंताची अंडी? त्यांचं कवच इतकं चिवट की महिना-दीड महिना आरामात काढतात. हवा नसल्याने आत वाढत नाहीत, नुसती थांबून राहतात. शेतात पडली, हवा मिळाली की पुढचा प्रवास सुरू. ५५ अंशांना ती काही तासांत मरतात, पण परसातला हौद एवढा तापवणार कोण?

अजून एक गंमत. प्रदेशाच्या उष्णतेप्रमाणे ३० ते ५५ दिवस माल आत राहील असा हौद बांधतात. आपल्या डोक्यात लगेच रांग येते, पहिला आला तो पहिला बाहेर. तसं नसतं! ते ४० दिवस वगैरे सरासरी असतात. आज सकाळचा थोडा माल कडेकडेने वाट काढून परवाच बाहेर येऊ शकतो. हौदात मधे भिंत घालतात ती यासाठीही. ज्याने सरासरी रिस्पॉन्स टाइम दाखवून क्लायंटला गप्प केलंय त्याला हे पटकन कळेल.

जड अंडी बरीचशी तळाच्या गाळात बसतात. म्हणजे वरची स्लरी त्यातल्या त्यात बरी, पण हौद उपसायच्या दिवशी खरा धोका, आणि तो उपसणाऱ्या माणसाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनानुसार २० अंशांच्या वर असा माल निदान वर्षभर साठवून मगच शेतात टाकावा.

दिवाळीत मामाला विचारलं, स्लरी कुठे सोडणार?

"परसातच. कोथिंबिरीला, मेथीला."

मामी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "बघ!"

तिला गॅसचं भय होतं, कोथिंबिरीचं कुणीच धरलं नव्हतं. मी कागदावर दोन खड्डे काढून दाखवले. एक भरायचा, दुसरा वर्षभर झाकून ठेवायचा. पिकलेलं खत कपाशीला, भाजीला अजिबात नाही. मामा म्हणाला दोन खड्ड्यांना जागा नाही. मामी म्हणाली जागा आहे, तुझी ती मोडकी बैलगाडी हलव.

बैलगाडी अजून तिथेच आहे.