एक चिलखत की तीस बाटल्या?

परवा रविवारी आमच्या कर्वेनगरच्या घरात चांगलंच रण माजलं होतं. नातवाचे चार मित्रमैत्रिणी जमले होते. टेबलावर कागद, पेन्सिली आणि नाना आकारांचे फासे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ. अमेरिकेत १९७४ साली निघाला म्हणे. म्हणजे शिवराज्याभिषेकाला बरोब्बर तीनशे वर्षं झाली, त्या साली! (इतिहासाच्या बाईला सनावळ्या सुटत नाहीत, काय करणार?)

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण भांडण मात्र लगेच कळलं. गुहेतल्या राक्षसाला मारून यांना १५०० सोन्याची नाणी मिळाली होती. नातवाला त्यात अंगभर पोलादी चिलखत हवं होतं, किंमत बरोबर १५००. त्याची मैत्रीण म्हणत होती, जखम भरून काढणाऱ्या औषधाची बाटली ५० नाण्यांना मिळते, तीस बाटल्या घेऊ. "बाटली प्यायली की संपली, चिलखत जन्मभर राहील," हा म्हणे. "आणि चिलखत घालून मेलास तर?" ती म्हणे. शेवटी खटला माझ्याकडे आला. "आजी, तुम्ही सांगा. तुम्ही इतिहासाच्या बाई ना?"

आता गंमत बघा. बत्तीस वर्षं मी मुलांना सुरतेची लूट शिकवली. स्वारी कधी झाली, का झाली, सगळं पाठ करून घेतलं. पण त्या पैशाचं पुढं काय झालं, हे एकाही मुलानं विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. जणू लूट आणली आणि गोष्ट संपली! खरी गोष्ट तर तिथून पुढं सुरू होते.

सुरतेची पहिली स्वारी जानेवारी १६६४ मधली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. दुसरी स्वारी ऑक्टोबर १६७० ची. पुढे १६७१-७२ च्या सुमाराची महाराजांची एक यादी मिळते, गडांच्या बांधकामावर किती खर्च करायचा याची. एकूण रक्कम १,७५,००० होन. त्यातले ५०,००० एकट्या रायगडाला. सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, पुरंदर, राजगड अशांना प्रत्येकी १०,०००. मग पाच हजारवाले, दोन हजारवाले, आणि मनोहरगडाला १,०००. शेवटी ७,००० होन किरकोळ खर्चाला! राज्य उभारणाऱ्या माणसाच्या यादीतही 'किरकोळ' असतं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

एवढं ऐकून नातू खूश. "बघ, गड म्हणजे चिलखतच! आजी माझ्या बाजूनं आहे." म्हटलं, थांब जरा.

महाराजांचं एक पत्र आहे, १६७३-७४ च्या सुमाराचं, चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. त्यात ना तलवार आहे ना तोफ. आहे ते दाणा, वैरण आणि दिव्याची वात. दाणागोटा जपून, रोजच्या हिशेबानं वापरा, असं ते बजावतात. आत्ता मनाला येईल तसा उधळलात तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही रयतेला त्रास द्याल. कुणाचं धान्य, कुणाची भाकरी, कुणाचं गवत, कुणाचा भाजीपाला ओढून आणाल. लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत सांगितलं आहे. एवढा मोठा राजा उंदराचाही विचार करतो!

सभासदाच्या बखरीत तर पंचवीस स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असा हिशेब आहे. कारण घोडा टिकतो, पण नाल झिजतात आणि पाणी रोज लागतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरची दारू आणि बाण आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून उन्हं देण्याची ताकीद आहे. तोफ असून दारू सर्दावली, तर ती तोफ कसली? नुसता ओतीव खांब.

आणि हे विसरलं की काय होतं? पानिपत होतं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा त्या काळच्या उत्तम तोफा होत्या. पण पैसा आणि धान्य दोन्ही संपत चाललं होतं. १७६० साली दिल्लीत दिवाण-इ-खासचं चांदीचं छत काढून नाणी पाडावी लागली. सुमारे ९ लाख रुपये हाती आले, ते किती दिवस पुरणार? सैन्याबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, सगळ्यांची तोंडं. डिसेंबरात रसदेची भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला आपले लोक लढायला निघाले ते उपाशी पोटी. चिलखत होतं, बाटली नव्हती.

मुलं गप्प झाली. आणि मीही. कारण पुढचं मी त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

मी निवृत्त झाले तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे आलं, ते सगळंच्या सगळं या घरात घातलं. 'हे' म्हणाले होते, "थोडे हाताशी ठेवू." मी म्हटलं, पैसे काय, खर्च होऊन जातात, घर राहतं. पुढच्याच वर्षी ह्यांची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, इंजेक्शनं, रिक्षा. सगळं वापरलं की संपलं अशातलं. धाकट्या दिरापुढे हात पसरावा लागला. ह्यांनी एका शब्दानं मला बोलून दाखवलं नाही. अडीच वर्षांनी गेले. भिंती अजून भक्कम आहेत.

बत्तीस वर्षं ती पत्रं, त्या बखरी माझ्या कपाटात होत्या. शिकवणं वेगळं आणि शिकणं वेगळं, दुसरं काय?

मुलांचा निकाल लागला. ७५० नाण्यांचं अर्धं चिलखत आणि उरलेल्या ७५० च्या पंधरा बाटल्या. नातू थोडा कुरकुरला. संध्याकाळी त्याच गड्याला एका बाटलीनं वाचवलं, असं समजलं.

हल्ली पेन्शन आली की मी वहीत पहिली ओळ लिहिते 'किरकोळ', आणि मग बाकीचं. असो.