पडणारी अक्षरे : एका शब्दखेळाची पूर्वपीठिका

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वरून एकेक अक्षर खाली येते. खेळणारा त्यांचे शब्द जुळवितो. जुळलेला शब्द नाहीसा होतो आणि न जुळलेल्या अक्षरांची रास वर चढत जाऊन अखेर खेळ संपतो. या करमणुकीची वंशावळ सामान्यतः मॉस्कोपासून सांगतात. तेथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेय पाजितनोव यांनी १९८४ च्या सुमारास ‘टेट्रिस’ रचला, आणि १९९१ मध्ये निघालेल्या ‘वर्डट्रिस’ने त्यातील आकृत्यांच्या जागी अक्षरे घातली. ही वंशावळ खोटी नाही, पण अपुरी आहे. टेट्रिसमधील चार-चार चौकटींच्या सातही आकृत्या समान अधिकाराच्या असतात. अक्षरांचे तसे नाही. इंग्रजीत ‘ई’ आणि ‘झेड’ सारख्याच संख्येने पडू लागल्यास डाव लवकरच अडेल. कोणते अक्षर किती वेळा पडावे, हा या खेळाचा खरा प्रश्न होय. आणि तो संगणकाहून जुना आहे.

१८८६ साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या छापखान्यात ओटमार मर्गेंथालर यांचे लायनोटाइप यंत्र सुरू झाले. कळ दाबताच त्या अक्षराची पितळी मातृका वरच्या पेटीतून सुटे, स्वतःच्या वजनाने घरंगळत खाली येई आणि ओळीत जाऊन बसे. कळफलकाची मांडणी वर्णक्रमाने नव्हे, तर वापराच्या प्रमाणाने केलेली होती. पहिल्याच स्तंभात ई, टी, ए, ओ, आय, एन ही अक्षरे येत. येथे अक्षरे अक्षरशः पडत होती!

महामंदीत बेकार झालेले वास्तुशिल्पी आल्फ्रेड बट्स यांनी हाच हिशेब खेळात आणला. वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून त्यांनी जो खेळ सिद्ध केला, तो १९४८ पासून ‘स्क्रॅबल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या १०० सोंगट्यांत ‘ई’ १२, तर ‘क्यू’ व ‘झेड’ एकेकच. ‘एस’ मात्र अवघे चार ठेवले, कारण ते अधिक असते तर नुसती अनेकवचने करून डाव सोपा झाला असता. म्हणजे गणना भाषेची, परंतु निर्णय खेळाचा.

मराठीत हा हिशेब मांडू जाता मोजणीच्या आधीच अडखळावे लागते. कारण ‘एक अक्षर’ म्हणजे काय, हेच प्रथम ठरवावे लागते. ‘स्वातंत्र्य’ या शब्दात वाचकाच्या लेखी तीन अक्षरे. युनिकोडच्या लेखी अकरा चिन्हे. मराठी शब्दकोड्याने पहिली बाजू घेतली आणि एका घरात काना-मात्रेसह संपूर्ण जोडाक्षर बसविले. ते त्याला साधले, कारण तेथे अक्षर सोडविणारा स्वतः लिहितो. पडणाऱ्या अक्षरांच्या खेळाला मात्र ते आधीच घडवून पुरवावे लागते. संपूर्ण अक्षरे पाडावीत तर व्यंजने, स्वर आणि जोडाक्षरे यांच्या मेळातून त्यांची संख्या सहस्रांच्या घरात जाते, आणि ‘त्र्य’ पडले तरी त्याला जोडीदार क्वचितच मिळतो. सुटी चिन्हे पाडावीत तर ऱ्हस्व वेलांटी येते ती कोणाच्या आधाराने? लेखनात ती व्यंजनाच्या आधी, उच्चारात व युनिकोडच्या क्रमात व्यंजनानंतर. ‘कि’ जुळविणाऱ्याने ती ‘क’च्या डावीकडे उतरवावी की उजवीकडे, याचा निर्णय रोमन लिपीसाठी रचलेल्या नियमांत कोठेच सापडत नाही.